आई, तुम्ही बसा!

गोष्ट सुरू झाली ती लोणच्याच्या बरणीवरून. रविवारची दुपार. मी ओट्याशी पोळ्या लाटत होते आणि सासूबाई वाढायला म्हणून शेजारी उभ्या होत्या. त्यांनी बरणी हातात घेऊन झाकण फिरवलं, पुन्हा फिरवलं, पदरात धरून फिरवलं आणि मग काही न बोलता ती माझ्यापुढे ठेवली. मी एका हिसक्यात झाकण उघडलं आणि पुढची पोळी तव्यावर टाकली. झाकण घट्ट बसलं असेल, एवढंच मनात आलं.

झाकणाचा काही दोष नव्हता हे कळायला मला पुढे आठ महिने लागले. आणि कळलं ते चांगलाच धडा शिकून.

हे हात कोणाचे, ते आधी सांगायला हवं. आमच्या आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) मूळच्या सातारा जिल्ह्यातल्या, औंधच्या बाजूच्या. १९७२ च्या दुष्काळात अठरा-एकोणीस वर्षांच्या असताना त्यांनी सरकारी कामावर खडी फोडली. पुढच्या वर्षी लग्न होऊन भायखळ्याला, घोडपदेवच्या चाळीत आल्या. सासरे गिरणीत. एका पगारात भागेना, म्हणून आईंनी खाणावळ सुरू केली. बावीस गिरणी कामगार जेवायला, आणि तेही तीन पाळ्यांचे! पहाटे चार वाजता खालच्या नळावरून हंडे-कळश्या तिसऱ्या मजल्यावर चढवायच्या, पाट्यावर वाटण वाटायचं आणि परातभर पिठाच्या भाकऱ्या थापायच्या. अशा खाणावळवाल्या बायका तेव्हा सगळ्या गिरणगावात होत्या. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच बायकांसाठी. १९८२ च्या संपानंतर जेवणारे गावी गेले, गिरण्या थंडावल्या, पण आईंचे हात थांबले नाहीत. पोळी-भाजीचे डबे करून त्यांनी दोन्ही मुलांची शिक्षणं केली.

मी लग्न होऊन आले तेव्हाही भरलेली कळशी त्या कमरेवर अशी घेत की मी बघतच राहायची. मी बी.ए. झालेली, पण बादली उचलताना दोनदा खाली ठेवणारी! त्या हसून म्हणायच्या, "पुस्तकाचं वजन येगळं आन् पान्याचं येगळं."

मग चाळ पाडली. तीन-चार वर्षं संक्रमण शिबिरात काढली आणि नव्या इमारतीत चौदाव्या मजल्यावर घर मिळालं. काय आनंद झाला होता! चोवीस तास पाणी, लिफ्ट, घरातच संडास, तोही खुर्चीसारखा. बसायला सोफा, जेवायला टेबल, वाटायला मिक्सर. आता आईंनी सुख घ्यायचं, असं आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं. त्या उठायला लागल्या की आमचे हे म्हणत, "आई, तू बस." मी म्हणे, "आई, तुम्ही बसा, मी बघते." आमचा सातवीतला मुलगासुद्धा त्यांच्या हातातून पाण्याचा तांब्या काढून घ्यायचा आणि म्हणायचा, "आजी, तू बस." पाहुणे कौतुक करत, आणि मला, खोटं कशाला सांगू, त्या कौतुकाची गोडी लागली होती.

आज मागे वळून पाहिलं तर वाटतं, चाळीतलं हलाखीचं आयुष्य आईंकडून दिवसाकाठी किती व्यायाम करून घेत होतं! जिने होते, जमिनीवर बसणं-उठणं होतं, उकिडवं बसून धुणं होतं, गॅलरीच्या टोकाला उकिडवं बसायचा संडास होता. नव्या घरात हे सगळं एका दिवसात संपलं. त्यात २०२० ची टाळेबंदी आली. ज्येष्ठांनी घराबाहेर पडू नये, असं सगळीकडून सांगत होते. म्हणून आई बसल्या, त्या बसल्याच. पुढे एका पावसाळ्यात त्यांना ताप आला. दहा दिवस आम्ही त्यांना पलंगावरून खाली पाय ठेवू दिला नाही. ताप गेला, पण चाल काही पहिल्यासारखी झाली नाही. बरणीचं झाकण अडलं ते त्यानंतर.

आणि मग गेल्या वर्षीच्या श्रावणातला तो दिवस. मी सकाळच्या शाळेत अर्धवेळ शिकवते. बाराच्या सुमारास घरी आले, लॅचला किल्ली लावली, हाक मारली, तर ओ नाही. न्हाणीघराचं दार नुसतं लोटलेलं. आत आई भिंतीला टेकून फरशीवर बसलेल्या. लुगडं ओलं, ओठ निळसर, बादली आडवी. माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. त्या मात्र शांतपणे म्हणाल्या, "लागलं न्हाई गं. खाली बसले, आन् मग उठताच येईना."

दोन तास त्या तशा बसून होत्या! बादलीचा आधार घ्यायला गेल्या तर बादली सरकली. हाका मारल्या, पण चौदाव्या मजल्यावर बंद दारांना ऐकू कुठून जाणार? चाळीत दोन मिनिटांत चार बायका धावून आल्या असत्या. मी आणि शेजारच्या काकूंनी मिळून काखेत हात घालून त्यांना उठवलं. ज्या बाईने बावीस माणसांचं पाणी तीन मजले चढवलं, तिला आपलंच अंग फरशीवरून उचलता येऊ नये! त्या रात्री मला झोप लागली नाही.

क्ष-किरण तपासणीत कुठेही मोडलेलं निघालं नाही. रक्तदाब ठीक, साखर काठावर. डॉक्टरांनी आम्हाला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. ती मुलगी जेमतेम सव्वीस-सत्तावीस वर्षांची असेल, पण कामात पक्की. आईंना तिने खुर्चीवर बसवलं, हात छातीवर घडी घालायला सांगितले आणि म्हणाली, "आजी, हात न लावता पाच वेळा उभं राहा, बसा." बारा सेकंदांच्या आत पाचदा जमलं पाहिजे, असा दंडक आहे. आईंचा हात तिसऱ्याच वेळी खुर्चीच्या दांडीकडे गेला. मग एक मूठ आवळायचं यंत्र दिलं. आशियाई देशांच्या तज्ज्ञांनी २०१९ साली ठरवलेल्या मापाप्रमाणे बाईची पकड अठरा किलोच्या खाली गेली तर ती अशक्तपणाची खूण. आईंचा काटा चौदावर थांबला. मला बरणी आठवली.

मी म्हटलं, "पण यांचं वजन तर अगदी छान आहे. दहा वर्षांपूर्वी चौपन्न किलो होतं, आजही चौपन्न."

ती म्हणाली, "ताई, वजन तेच आहे, पण आतला माल बदललाय."

मैत्रिणींनो, हे मी तुम्हाला आपल्या भाषेत सांगते. पाच किलो गव्हाचा डबा आहे असं समजा. दर महिन्याला त्यातले थोडे गहू काढले आणि तेवढ्याच वजनाचा कोंडा भरत गेलो, तर काट्यावर डबा पाच किलोच भरेल. पण त्याच्या पोळ्या किती होणार? अंगाचंही तसंच. तिशी ओलांडली की दर दहा वर्षांत साधारण तीन ते आठ टक्के स्नायू कमी होत जातात, साठीनंतर हा वेग वाढतो. त्यांच्या जागी चरबी भरली तर काटा काही बोलत नाही. ताकद तर स्नायूंपेक्षाही भराभर उतरते. कोंडा जसा गव्हापेक्षा जागा जास्त अडवतो तशी चरबीही स्नायूंपेक्षा जास्त जागा घेते. मग मला एकदम उलगडा झाला. आईंच्या पोलक्याच्या बाह्या मी दोन वर्षं आत घेत होते आणि परकराची नाडी मात्र पुरत नव्हती! डॉक्टरांना जे यंत्रावर दिसतं ते माझ्या शिवणयंत्रावर केव्हाच दिसलं होतं, मला वाचता आलं नाही इतकंच.

या झिजेला वैद्यकशास्त्रात सार्कोपेनिया म्हणतात. अमेरिकेतले संशोधक आयर्विन रोझेनबर्ग यांनी १९८९ च्या सुमारास दोन ग्रीक शब्द जोडून हे नाव दिलं. त्याचा अर्थ होतो, मांसाचं दारिद्र्य. घरात सगळी सुबत्ता आली आणि आईंच्या अंगात मात्र दारिद्र्य आलं, हा विचार माझ्या मनातून जाईना.

याच बाबतीत आपल्या पुण्याची एक हकिकत तिने सांगितली, ती नंतर मी शोधून वाचली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा एक फोटो २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. उंचीच्या मानाने वजन किती, हे सांगणारा निर्देशांक दोघांचाही अगदी एकच, २२.३. बघणाऱ्याला वाटावं, दोघं सारखेच सडपातळ. पण यंत्रावर मोजलं तर युडकिनांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के! दिसायला बारीक पण आतून चरबीचे, अशी आपल्याकडच्या पुष्कळ लोकांची ठेवण असते. याज्ञिकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळं यांचा अभ्यास केला. तिथलं बाळ सरासरी २.७ किलोचं, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनचं ३.५ किलोचं. आपलं बाळ हडकुळं, तरी त्याच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानाने टिकून राहिलेली. म्हणजे स्नायूंची पुंजी आपल्याकडे मुळातच बेताची. ती म्हातारपणी बसून खाल्ली तर किती दिवस पुरणार? बसून खाल्लं तर डोंगरही सरतो, असं आपण पैशाच्या बाबतीत म्हणतो ना!

मग तिने विचारलं, "आजी घरात काय काय काम करतात?"

मी अभिमानाने म्हटलं, "काही म्हणजे काही करू देत नाही आम्ही. काडीला हात लावू देत नाही."

ती थोडं थांबली. म्हणाली, "ताई, तेच आधी थांबवा."

माझा चेहरा उतरलेला बघून तिनेच समजूत घातली. आमच्या हातून झालं ते घरोघरी होतं म्हणाली. २००७ साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात साठीपुढच्या चांगल्या धडधाकट माणसांना दहा दिवस नुसतं अंथरुणावर ठेवलं होतं. तेवढ्यात त्यांच्या पायांतला सुमारे एक किलो स्नायू गेला! आईंच्या तापाचे दहा दिवस मला आठवले. पण दुसरी गोष्ट ऐकून धीर आला. १९९० साली बोस्टनमध्ये डॉक्टर मारिया फियाटारोन यांनी वृद्धाश्रमातल्या ८६ ते ९६ वर्षांच्या दहा जणांना मांडीचा वजनाचा व्यायाम दिला. काहीजण काठी घेऊन चालणारे. आठ आठवड्यांत, ज्यांनी व्यायाम पुरा केला त्यांच्या मांडीची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे जवळजवळ पावणेतीन पट झाली. नव्वदीत जे जमतं ते बाहत्तरीत का जमू नये?

पण "रोज फिरायला जा" एवढ्यावर हे भागत नाही, हे मला नवीन होतं. आमच्या राणीच्या बागेत सकाळी कितीतरी ज्येष्ठ मंडळी फेऱ्या मारतात. चालणं हृदयाला चांगलं, मनाला चांगलं, ते सोडू नये. पण स्नायूला ओझं लागतं, आणि ते हळूहळू वाढवावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितलं आहे की पासष्टीच्या पुढच्यांनी चालण्याबरोबरच आठवड्यातून निदान तीन दिवस ताकदीचे आणि तोल सांभाळायचे व्यायाम करावेत.

आईंचा पहिला व्यायाम कोणता, माहीत आहे? उठाबशा! खुर्ची भिंतीला टेकवायची, म्हणजे ती सरकत नाही. पाय जमिनीला घट्ट, अंग थोडं पुढे झुकवायचं, उभं राहायचं आणि सावकाश, चार आकडे मोजत खाली बसायचं. धपकन बसायचं नाही. आई रागावल्या. म्हणाल्या, "तुमच्या साळंत पोरास्नी शिक्षा देत्यात, ती मला लावतेस व्हय?" मी म्हटलं, "आई, शाळेत २००९ च्या कायद्याने अशा शिक्षेला बंदी झाली. आता घरात तेवढी चालू करू या." त्या हसल्या आणि तिथेच मला कळलं की निम्मं काम झालं.

सुरुवात पाच उठाबशांनी, उंच खुर्चीवर उशी ठेवून. जमायला लागल्यावर दहा, मग उशी काढली, मग हातात पाण्याची बाटली. दुसरा व्यायाम ओट्याला धरून टाचा वर उचलण्याचा. तिसरा भिंतीला जोर काढण्याचा. भिंतीपासून हातभर लांब उभं राहून दोन्ही तळवे भिंतीला टेकवायचे, छाती भिंतीजवळ न्यायची आणि परत. चौथा म्हणजे दोन हातांत दोन एकेक लिटरच्या भरलेल्या बाटल्या घेऊन घरात फेऱ्या. दूध तापेपर्यंत ओट्याला बोट लावून एका पायावर उभं राहायचं, हा पाचवा. एका दिवसाआड, जेमतेम वीस मिनिटं. श्वास कोंडून धरायचा नाही. आणि खूण अशी की शेवटच्या दोन वेळा जड गेल्या पाहिजेत. सगळं सहज व्हायला लागलं की ओझं थोडं वाढवायचं. छातीत दुखणं, चक्कर, फार वाढलेला रक्तदाब, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, ठिसूळ हाडं असं काही असेल तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नये.

सगळ्यात उपयोगी धडा मात्र जमिनीवरून उठण्याचा. तो प्रत्येक घरात शिकवावा, असं मला वाटतं. पडलं किंवा बसून राहिलं, तर आधी घाबरायचं नाही. कुठे दुखतंय का, ते बघायचं. मग कुशीवर वळायचं, हातांवर जोर देऊन रांगायच्या पवित्र्यात यायचं. रांगत पलंगाशी किंवा न सरकणाऱ्या जड स्टुलाशी जायचं. दोन्ही हात त्यावर ठेवायचे, जो पाय बळकट तो पुढे टेकायचा आणि हाता-पायांनी मिळून रेटा द्यायचा. लगेच उभं न राहता आधी तिथेच बसून दम घ्यायचा. आमच्या बैठकीत गादीवर आईंनी हे पहिल्यांदा केलं तेव्हा मुलगा टाळ्या वाजवायला लागला. तसं असलं तरी न्हाणीघरात आम्ही भिंतीला पक्का दांडा बसवून घेतला आणि त्यांच्या गळ्यात फोन अडकवायची पिशवी शिवून दिली.

एवढं वाचून तुम्हाला वाटेल, सगळं कसं छान जमून आलं. पण खरी परीक्षा पुढेच होती. फिजिओथेरपिस्ट म्हणाली होती, घरातली जी कामं आवडीची असतील ती परत त्यांच्याकडे द्या. आईंनी कणीक मागून घेतली. मंडईत जाणंही मागितलं. भायखळ्याच्या मंडईत स्वतः भाव करून भाजी घ्यायची, एका हातात दोन किलोची पिशवी, दुसऱ्या हातात दोन किलोची, म्हणजे तोलही राहतो. लिफ्टने तेराव्या मजल्यापर्यंत यायचं आणि शेवटचा मजला कठडा धरून चढायचा. एक दिवस जिन्यात त्या अशा पिशव्या टेकवून दम घेत उभ्या असताना वरच्या मजल्यावरच्या बाईंनी पाहिलं. संध्याकाळपर्यंत सोसायटीभर झालं, शिकलेल्या सुनेने म्हातारीला कामाला जुंपलं!

ते मी एकवेळ सोसलं असतं. पण दोन दिवसांनी डोंबिवलीहून वन्संचा फोन आला. "वहिनी, आईने जन्मभर राबून आम्हाला वाढवलं. या वयात तिला ओझी उचलायला लावता? तुम्हाला जड होत असेल तर मी घेऊन जाते तिला." मी काही बोलूच शकले नाही. ह्यांच्याकडे पाहिलं तर हेही म्हणाले, "तिचं म्हणणं अगदीच चूक नाही गं. आईने थोडे कष्ट काढलेत का?"

त्या रात्री मी रडले. रागाने नव्हे. वन्संचं बोलणं मला खोटं वाटत नव्हतं म्हणून. ज्या बाईला पन्नास वर्षं बसायला मिळालं नाही तिला बसायला मिळणं हा तिचा हक्कच नाही का? आणि मी कोण तो काढून घेणारी?

याचं उत्तर आईंनीच दिलं. पुढच्या रविवारी वन्सं आल्या. बोलणं तापायला लागलं तशा आई सोफ्यावरून उठून खाली सतरंजीवर बसल्या. म्हणाल्या, "माझ्या बाया, आता मला उठवायला कुनी येऊ नका." कुशीवरून वळल्या, गुडघा टेकला, टीपॉयवर हात ठेवला आणि उभ्या राहिल्या. मग लेकीला म्हणाल्या, "त्या न्हाणीघरात दोन घंटं बसले व्हते, तवा तुमी समदी मला सुखात ठिवून व्हता. राबायचं येगळं आन् हालायचं येगळं. राबवत व्हती ती गरज. हालते मी माझ्या मनानं. धुणं-भांडी मी करणार न्हाई, आन् सूनबाई करायलाबी सांगत न्हाई."

वन्सं गप्प झाल्या. पूर्ण पटलं, असं मी म्हणणार नाही. अजूनही फोनवर "आई, जपून गं" म्हणतातच. पण घेऊन जाण्याची भाषा पुन्हा निघाली नाही.

ताटाकडेही आम्हाला नव्याने बघावं लागलं. आपल्या घरोघरच्या म्हाताऱ्या बायका जेवतात काय? सकाळी चहा-बटर, दुपारी शेवटी उरलेलं, रात्री "मला दूधभात पुरे". उपासाला साबुदाणा, ज्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. स्नायू बांधायचा म्हणजे व्यायाम गवंडी आणि प्रथिनं विटा. विटाच नसतील तर गवंडी काय करणार? म्हातारपणी किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिनं हवीत असं तज्ज्ञ सांगतात, म्हणजे आईंना साधारण चौपन्न ते पासष्ट ग्रॅम. महागडे डबे आणले नाहीत. सकाळी चहाबरोबर मूठभर भाजलेले चणे किंवा एक अंडं, प्रत्येकात सहाएक ग्रॅम. दुपारी पातळ वरणाऐवजी घट्ट वरण किंवा उसळ, आणि वाटीभर दही. संध्याकाळी शेंगदाण्याची चटणी-भाकरी. रात्री पेलाभर दूध, आणि बुध-रविवारी मासळी. उपासाला साबुदाण्याऐवजी राजगिरा, दाणे आणि दूध. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र प्रथिनं डॉक्टरांना विचारूनच वाढवावीत. आणि सर्वात मोठा बदल हा की आई आता सगळ्यांबरोबर, पहिल्या पंगतीला जेवतात.

आईंना यातलं काही नवीन वाटत नाही. त्यांचे वडील औंध संस्थानच्या शाळेत शिकले. तिथे राजेसाहेब भवानराव पंतप्रतिनिधींनी मुलांना सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. स्वतः राजेसाहेब सत्तरीतही रोज नमस्कार घालत, आणि १९३८ साली त्यांचं नमस्कारांवरचं पुस्तक थेट लंडनहून इंग्रजीत निघालं. आई म्हणतात, "आमचं बा म्हातारपनीबी अंगनात नमस्कार घालायचं. तवा आमी हसायचो."

सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा तपासायला गेलो. पाच उठाबशा तेरा सेकंदांत, हात न लावता. पकड सतरा किलो. म्हणजे पास व्हायला अजून एकेक मार्क कमी, असं मी म्हटलं, तर आई म्हणाल्या, "फेरपरीक्षेला बसू की!" आणि वजन? चौपन्न किलो, दोनशे ग्रॅम. काटा हललासुद्धा नाही! पण पोलक्याच्या बाह्यांची शिवण मी परत उसवली आहे. उकिडवं बसणं त्यांना अजून जमत नाही, कदाचित जमणारही नाही. पण परवा लोणच्याची नवी बरणी फोडली ती त्यांनी.

आता शेवटची एक गोष्ट, ती मात्र तुमच्या-माझ्यासाठी. त्याच दिवशी मला वाटलं, आपणही बघावं. मी सतरंजीवर मांडी घातली आणि हात न टेकता उठायला गेले. अडतीस वर्षांची मी! हात आपोआप जमिनीला टेकला. पुन्हा केलं, पुन्हा टेकला. दिवसभर पायाला भिंगरी असते आपल्या, पण ती धावपळ. तिने ताकद येतेच असं नाही. स्नायूंची शिल्लक साठवायची ती याच वयात, साठीला खातं उघडायचं नसतं.

आई पलीकडून बघत होत्या. मी लाजून सोफ्याकडे वळले, तर म्हणाल्या, "सूनबाई, बसतीस कुटं? ती खुर्ची भिंतीला लाव आन् दहा काढ. मी मोजते."